पर्लकोटा चढण्याआधी घरातली वीज तपासून घ्या

नवी वीजजोडणी घेताना अर्जासोबत एक कागद जोडावा लागतो. सगळे त्याला 'टेस्ट रिपोर्ट' म्हणतात. शासनमान्य विद्युत ठेकेदाराने घरातल्या वायरिंगची चाचणी घेतली, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग केलेले आहे, असे त्यावर लिहिलेले असते आणि खाली सही-शिक्का असतो. तो ठेकेदार इन्सुलेशन मोजायचा मेगर घेऊन खरोखर घरात आला होता का, त्याने बोर्ड उघडून पाहिला होता का, हे ज्याने त्याने आपापल्या घरापुरते आठवून पाहावे. बहुतेकांना फक्त झेरॉक्सच्या दुकानातला कागद आठवेल.

आला असेल असे धरले, तरी त्या दिवशीचे घर आज राहिलेले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजना सुरू झाली आणि गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या अनेक कुडाच्या घरांत पहिल्यांदा मीटर लागले. त्या योजनेत घरातले वायरिंग होते ते एका एलईडी दिव्याचे आणि मोबाइल चार्ज करायच्या एका पॉइंटचे. पुढे त्याच पॉइंटवरून पंखा निघाला, टीव्ही निघाला, मग कूलर, फ्रीज आणि थंडीत पाणी तापवायचा रॉड. वायर मात्र तीच राहिली. पंधराशे वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर खेचतो. दिव्यासाठी ओढलेल्या पिळाच्या वायरने हे ओझे रोज सकाळी अर्धा तास वाहावे अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. प्लगच्या भोवती प्लास्टिक पिवळे-काळे पडले असेल, तर वायरीने आपली तक्रार आधीच नोंदवली आहे असे समजा.

तपासणी सगळीकडेच व्हावी, पण भामरागडला तिची घाई अधिक. गाव पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या संगमावर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की हेमलकशाकडून येणारा रस्ता तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे पुन्हा पुन्हा झाले आणि बाजारपेठेत पाणी शिरले. अशा दिवशी गावातल्या ग्रामीण रुग्णालयाला पेलणार नाही असा भाजलेला माणूस पुढे न्यायला वाट नसते. नदीपलीकडचा, हेमलकशातला लोकबिरादरीचा दवाखाना एरवी जवळचा, पण पुरात तोही लांबचा. वायरमनही त्याच रस्त्याने येतो. म्हणून हे काम पावसाआधी उरकायचे आहे.

कोणाला बोलवायचे, इथे पहिला घोळ होतो. आपल्याकडे वीज म्हटली की लाईनमन. तो ओळखीचा असतो, खांबावर चढतो, फ्यूज टाकतो, म्हणून घरातलेही त्यालाच दाखवतात. पण महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचे सगळे वायरिंग ग्राहकाचे, आणि त्यातल्या दोषाचे परिणामही ग्राहकाचेच. तेव्हा घरासाठी परवानाधारक वायरमन पाहा. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेली तालुक्यातली पोरे हाताने चांगली असतात, पण आयटीआयचे प्रमाणपत्र वेगळे आणि राज्य शासनाच्या ऊर्जा विभागाकडून मिळणारा तारतंत्री परवाना वेगळा. परवान्यावर क्रमांक, फोटो आणि मुदत असते. तो दाखवायला सांगण्यात अपमान कोणाचाच नाही. मोटारसायकल चालवणाऱ्याला लायसन्स विचारतातच की. लेखी टेस्ट रिपोर्ट हवा असेल, तर सही करणारा परवानाधारक विद्युत ठेकेदारच लागतो.

गावात असा माणूस नसला, तर आलापल्ली किंवा अहेरीहून बोलवावा लागेल. एका घरासाठी तो साठ-सत्तर किलोमीटर येणार नाही आणि आला तरी येण्याजाण्याचे पैसेच जास्त होतील. यावर माझा सल्ला असा की टोल्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. बचत गटाने पुढाकार घेतला, तर काम लवकर जमते. मे महिन्यात सकाळी घरे रिकामी असतात, सगळे तेंदूपत्त्याला गेलेले. त्यामुळे वेळ दुपारनंतरची ठेवा. आणि त्याला फोनवरच विचारा: मेगर आहे का, अर्थ टेस्टर आहे का? नुसता पेचकस-टेस्टर खिशाला लावून येणारा माणूस दुरुस्ती करू शकेल, तपासणी करू शकणार नाही.

तो आल्यावर काय पाहणार, हे घरातल्या निदान एकाला तरी कळले पाहिजे. आणि तो एक म्हणजे कर्ता पुरुषच असावा असे नाही. दिवसभर घरात बोर्डाला हात लावणारी, ओल्या हाताने कूलरमध्ये पाणी ओतणारी बाई असते. तिला समजेल अशा भाषेत, माडियात बोलायची गरज असेल तर माडियात, त्याने सांगितले पाहिजे. वायरमनला माडिया येत नसेल, तर शाळेत जाणारी मुलगी दुभाषी म्हणून सोबत ठेवा.

सुरुवात बाहेरून होते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर टिनाच्या पत्र्याला किंवा छपराच्या लोखंडी पाइपाला घासते का? वाऱ्याने रोज थोडी थोडी झिजत एक दिवस तिची आतली तार उघडी पडते आणि सगळे छप्परच जिवंत होते. त्याच पाइपाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असेल, तर ती आधी सोडा, वायरमन यायची वाट पाहू नका. तिथे नायलॉनची दोरी चालते. सर्व्हिस वायरमध्ये मध्येच जोड असेल किंवा ती बांबूच्या आधारावर लोंबत असेल, तर महावितरणला कळवा. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. रेंज मिळाली तर फोन करा, नाहीतर उपविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आत आल्यावर मेन स्विच आणि बोर्ड. लाकडी बोर्ड असेल, तर मागून वाळवी लागली आहे का ते पाहायचे. चूल त्याच खोलीत असेल, तर बोर्डावर काजळीचा थर बसलेला असतो. पावसाळी ओलीत तो थर विजेला वाट देतो आणि बोर्डाला हात लावला की मुंग्या येतात. फ्यूजमध्ये फ्यूजची बारीक तारच आहे की कोणी वायरीचे जाड तांबे पिळून बसवले आहे, हे नक्की बघा. जाड तार बसवली की फ्यूज जात नाही, आणि फ्यूज न जाणे हाच धोका आहे. माळ्यावर मोहफूल किंवा धान साठवलेले असले, तर उंदीर असणारच. तेव्हा माळ्यावरून गेलेल्या वायरी हाताने चाचपून नव्हे, मेन बंद करून टॉर्चच्या उजेडात पाहायच्या.

स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, हेही तपासायला सांगा. स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर पेटत असेल, तर स्विच चुकून न्यूट्रलवर बसला आहे. दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

आता अर्थिंग. या लेखातले सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका. फ्रीजच्या किंवा कूलरच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत निघून जायला एक मोकळी वाट हवी. ती वाट म्हणजे थ्री-पिनची वरची मोठी पिन, तिला जोडलेली हिरवी वायर, आणि त्या वायरीच्या टोकाला जमिनीत पुरलेला पाइप. साधारण अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, ही जुनी रीत अजूनही चालते. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत मोठ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. बोर्डावर तिसरे भोक शोभेला असते. काही ठिकाणी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथेच गुंडाळून ठेवलेली असते. बोर्ड उघडल्याशिवाय हे कळत नाही.

अर्थिंग चांगले आहे हे दाखवायला काही वायरमन शंभर वॉटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावतात. बल्ब लख्ख पेटला की 'अर्थिंग एक नंबर'. हा पुरावा मानू नका. पेटलेल्या शंभर वॉटच्या बल्बचा स्वतःचाच विरोध पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थिंगचा विरोध पन्नास ओहम असला, तरी बल्ब जवळजवळ तेवढाच उजेड देतो. आणि पन्नास ओहमचे अर्थिंग कुचकामी आहे, हे आकड्यांतच दिसते: २३० व्होल्टला पन्नासने भागले की साधारण साडेचार अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे ओझे वाढले की आपोआप पडणारा स्विच, एवढ्याने हलतही नाही. फेज पत्र्याला लागलेला, एमसीबी चालू, फ्रीजचा दरवाजा जिवंत, आणि घरात कोणालाच पत्ता नाही. हाच विरोध पाच ओहम असला, तर शेहेचाळीस अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. म्हणून उजेड बघू नका, अर्थ टेस्टरवरचा आकडा मागा. तो पाचच्या आत आला तर उत्तम. भामरागडच्या खडकाळ जागेत एका पाइपाने ते साधत नसेल, तर थोड्या अंतरावर दुसरा पुरून दोन्ही जोडावे लागतात.

हा आकडा मोजायला मे महिना सगळ्यांत खरा. जमीन तेव्हा कोरडीठाक असते, विरोध वर्षातला सर्वांत जास्त असतो. मेमध्ये जे अर्थिंग पास होते, ते पुढे वर्षभर पास. इन्सुलेशनचे नेमके उलटे. मेगर पाचशे व्होल्टचा दाब देऊन वायरीचे प्लास्टिक कुठे गळते आहे का ते मोजतो, आणि त्याची किमान मर्यादा एक मेगओहम धरली जाते. पण मेच्या उन्हात सगळे सुकलेले असताना जेमतेम एक मेगओहम येत असेल, तर ऑगस्टच्या झडीत तीच भिंत भिजल्यावर काय येईल? उन्हाळ्यात आकडा वीस, पन्नास, शंभर असा भरघोस यायला हवा. वायरमन 'पास आहे' म्हणाला, तरी किती आले ते विचारा. कुडाच्या शेणमातीच्या भिंतीत वायर थेट लिंपलेली असेल, तर ती पाइपात घालून बाहेरून घ्यायला सांगा.

अर्थिंगच्या नावाखाली दोन जुगाड चालतात. एक म्हणजे प्लगमध्ये न्यूट्रलच मोठ्या पिनेला जोडणे. मीटर चालते, कूलर चालतो, टेस्टरही काही दाखवत नाही. पण वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तुटली, की घरातल्या चालू उपकरणांतून आलेली वीज सरळ कूलरच्या पत्र्यावर येते. दुसरा जुगाड याच्या उलट: न्यूट्रल गेली म्हणून जमिनीत सळाख ठोकून तिच्यावर दिवा चालवायचा. त्या सळाखेजवळून ओल्या जमिनीवर चालणारी गाय किंवा मूल यात सापडते. न्यूट्रल गेली असेल, तर तक्रार करा आणि रात्र कंदिलावर काढा.

कूलरचे वेगळे सांगायला हवे, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात घरातला सगळ्यांत घातकी जिन्नस तोच. पत्र्याचे अंग, पोटात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, आणि पाणी ओतताना पायाखाली झालेली ओल. वर्षभर सांदवाडीत पडलेला कूलर मार्चमध्ये काढतात, नवी ताटी बसवतात, आणि लावतात. मधल्या काळात उंदराने पंपाची वायर कुरतडली आहे का, हे कोणी बघत नाही. वायरमन आला, की कूलर त्याच्यासमोर ठेवा. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र करून त्या आणि पत्रा यांच्यामध्ये मेगर लावला, की पंप गळतो का हे मिनिटात कळते. टू-पिनवर चालणारा कूलर घरात ठेवूच नका. आणि पाणी भरताना नुसता स्विच बंद करणे पुरत नाही. स्विच न्यूट्रलवर असू शकतो, हे वर आलेच आहे. प्लग उपसून बाजूला ठेवायचा, मग बादली उचलायची.

एवढे केल्यावरही एक उपकरण बसवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे: तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दुकानात काहीजण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारण चाळीस मिलिअँपिअर घेतो. एवढीच वीज छातीतून गेली तरी माणूस मरू शकतो, आणि सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. आरसीसीबी फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांचा हिशेब सतत जुळवत असतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे ती कोणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत चालली आहे, हे ओळखून क्षणात मेन तोडतो. किंमत साधारण दोन हजारांच्या घरात. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा दाबायचे, वीज गेली म्हणजे तो शाबूत. न्यूट्रल-अर्थ एक केलेल्या घरात तो सारखा पडतो, आणि मग लोक 'खराब आहे' म्हणून काढून टाकतात. खराब तो नसतो. वायरिंगमधला दोष शोधायला लावा.

घरातून वावरात वायर गेली असेल, तर वायरमन ती पाहीलच. गोठ्यातल्या दिव्याची असली, तर नीट पाइपातून घ्या. रानडुकरांसाठी कुंपणाला करंट लावायची असली, तर ती आजच काढा. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा जिवंत तारांनी वाघ मेले आहेत, आणि रात्री पाणी धरायला किंवा शौचाला गेलेली माणसेही मेली आहेत. आकडा टाकून वीज घेतली असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार चोरीचा गुन्हा, शिवाय वन्यजीव कायदा, शिवाय मनुष्यवध. धान वाचवायचे असेल, तर झटका देऊन सोडणाऱ्या सौर कुंपणाची वनविभागाकडे चौकशी करा.

जिथे लाईन पोहोचली नाही अशा पाड्यांवर 'सौभाग्य'मधूनच सौर संच दिले गेले: पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. त्यांच्या देखभालीची मुदत पाच वर्षांची होती, ती आता सरली. तिथे धक्क्याची भीती जवळजवळ नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांना पान्हा किंवा विळा टेकला तर ठिणगीने हात भाजतो, आणि पाणी संपलेली बॅटरी गरम होते. बॅटरी चुलीपासून लांब आणि हवेशीर ठेवा.

बाजारपेठेतल्या दुकानदारांसाठी एक सूचना. पुरात वीज चार-चार दिवस जाते आणि जनरेटर निघतात. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली, तर ती वीज उलटी मीटरमधून लाईनवर चढते, आणि बंद लाईन समजून खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर वायरिंगला जोडू नका; तोवर एक्स्टेन्शनने थेट फ्रीज चालवा.

घरात पाणी शिरू लागले, की मेन आधीच बंद करा. पाणी बोर्डापर्यंत आले असेल, तर पाण्यात उभे राहून हात लावू नका, बाहेर पडा. पाणी ओसरल्यावर वीज आली म्हणून मेन चढवायची नाही. पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट वाळवून वापरू नका, आत गाळ राहतो. ते बदलावेच लागतात. वायरी मात्र धुऊन-सुकवून मेगरवर पास झाल्या तर ठेवता येतात. मीटर बुडाले असेल, तर त्याचे सील कोणी तोडू नये, महावितरणला कळवावे.

कोणाला करंट लागलाच, तर आधी मेन. ते शक्य नसेल, तर कोरड्या बांबूने माणूस वेगळा करायचा. श्वास थांबला असेल, तर छाती दाबत राहायचे आणि १०८ ला फोन. गंभीर अपघाताची खबर वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. त्यांच्या चौकशीत चूक कोणाची हे ठरते, आणि महावितरणची निघाली तर भरपाईचा मार्ग तिथूनच जातो. म्हणून अपघातानंतर तुटलेली वायर, जळालेला बोर्ड घाईने साफ करू नका.

वायरिंगची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी ही अपेक्षा १९५६ च्या वीज नियमांपासूनच आहे. पूररेषेतल्या घराने मात्र दर उन्हाळ्यात निदान अर्थिंग आणि आरसीसीबी पाहून घ्यावे. वायरमन निघण्यापूर्वी त्याच्याकडून तीन आकडे लिहून घ्या: अर्थिंग किती ओहम, इन्सुलेशन किती मेगओहम, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला. कागद पावसाळ्यात भिजतो, म्हणून मार्करने मेन स्विचच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, तारखेसह. पुढच्या मेमध्ये जो कोणी येईल त्याला आधी स्वतःचे आकडे काढू द्या, नंतर झाकण उघडून जुने दाखवा.